घरी बांधलेल्या स्पीकरमध्ये खर्ज घुमतो, पण गळा पातळ लागतो: दोष पेटीचा, क्रॉसओव्हरचा की खोलीचा?

तापीकाठचा श्रोता (भुसावळ) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. गेल्या दिवाळीत मी दोन-मार्गी स्पीकरची एक जोडी घरी बांधली. साडेसहा इंची, ८ ओहमचा वूफर (खालच्या स्वरांसाठी) आणि एक इंची रेशमी घुमटाचा ट्विटर (वरच्या स्वरांसाठी) असे भाग आणले आणि आमच्या गल्लीतल्या सुतारदादांकडून १८ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफच्या दोन पेट्या करून घेतल्या. पेटीचे आतले आकारमान, वूफर आणि आतल्या आडव्या पट्ट्या यांनी व्यापलेली जागा वजा करून, १८ लिटर आहे आणि दर्शनी फळी २२ सेंटिमीटर रुंद आहे. पोर्टसाठी (पेटीतल्या हवेला बाहेर वाट देणाऱ्या नळीसाठी) शेतीच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा घेतला. ५ सेंटिमीटर व्यास धरला आणि ५० हर्ट्झ हे लक्ष्य ठेवून लांबी काढली, ती ९.४ सेंटिमीटर आली. क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे स्वर वूफरला आणि वरचे ट्विटरला वाटून देणारा फिल्टर, बाजारात मिळणारा तयार आहे. त्यावर '८ ओहम, ३००० हर्ट्झ' असे छापलेले आहे. आत पिंजाऱ्याकडून आणलेला पिंजलेला कापूस दाबून भरला आहे.

मी मुख्यतः शास्त्रीय गायन आणि नाट्यसंगीत ऐकतो. माझी अडचण अशी की, काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्यातली खर्जाची तार इतर तीन तारांपेक्षा कितीतरी मोठी आणि लांबत जाणारी ऐकू येते, आणि त्याच वेळी गायकाचा गळा मात्र पातळ, छातीतला भरीवपणा हरवलेला आणि 'स', 'श' या अक्षरांवर टोचणारा वाटतो. आवाजात खालचा भाग जास्त आहे म्हणावे तर गळा भरीव लागायला हवा, आणि कमी आहे म्हणावे तर खर्ज घुमायला नको. एकाच जोडीत हे दोन्ही दोष कसे नांदतात, हे मला उमगलेले नाही.

खोली १६ फूट लांब, ८ फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. वर स्लॅब, खाली फरशी. स्पीकर आठ फुटी भिंतीकडे आहेत, त्यातला एक कोपऱ्यात कपाटाला लागून आणि दुसरा बाजूच्या भिंतीपासून सुमारे दोन फुटांवर. मी समोरच्या भिंतीला लोड टेकवून गादीवर बसतो. कुठून सुरुवात करावी, याचे मार्गदर्शन हवे आहे. दुसरी पेटी करायची झाल्यास आमच्या जुन्या घराच्या उतरवलेल्या सागवानी फळ्या शिल्लक आहेत. त्या वापराव्यात का, हेही सांगावे.

पांझराकाठ (धुळे) यांचे उत्तर

भाऊ, तुम्ही प्रश्न इतक्या तपशिलाने मांडला आहे की निम्मे उत्तर त्यातच आहे. तुम्हाला जो विरोध वाटतो तो खरा विरोध नाही. खर्ज घुमतो तो भाग ७० हर्ट्झच्या आसपासचा आहे, कारण काळी एकचा षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झ आणि त्याचा खर्ज सुमारे ६९.३ हर्ट्झ. गळ्याचा भरीवपणा मात्र साधारण १५० ते ५०० हर्ट्झमध्ये असतो. पहिला पट्टा तुमच्याकडे फुगलेला आहे आणि दुसरा खचलेला आहे. दोन्ही दोषांची कारणेही निरनिराळी आहेत, म्हणून ॲम्प्लिफायरवरची बेसची कळ फिरवून हे कधीच सुटणार नाही. एक बरे कराल तर दुसरे बिघडेल.

खचलेल्या भागाचे कारण आधी सांगतो, कारण घरी स्पीकर बांधणाऱ्या बहुतेकांचे लक्ष तिकडे जात नाही. वरच्या स्वरांची तरंगलांबी दर्शनी फळीपेक्षा लहान असते, त्यामुळे त्यांची सगळी शक्ती फळीच्या आधाराने समोर फेकली जाते. खालच्या स्वरांची तरंगलांबी मोठी असल्याने ते फळीला वळसा घालून मागेही पसरतात. मोकळ्या जागेत यामुळे खालचे स्वर वरच्यांच्या तुलनेत ६ डेसिबलपर्यंत उतरतात. हा उतार कुठे पडतो याचा ढोबळ हिशेब म्हणजे ११५ भागिले फळीची मीटरमधली रुंदी. तुमच्या ०.२२ मीटरला तो सुमारे ५२० हर्ट्झ येतो, म्हणजे ऐन गळ्याच्या पट्ट्यात. मागची भिंत काही भाग परत देते, म्हणून प्रत्यक्ष खोलीत ३ ते ४ डेसिबलची भरपाई पुरते. बाजारातला तयार क्रॉसओव्हर ही भरपाई करूच शकत नाही, कारण तो तुमच्या फळीची रुंदी जाणत नाही.

तो आणखीही एक गोष्ट जाणत नाही. त्यावर छापलेले '८ ओहम' हे शुद्ध रोधाला लागू आहे. वूफरच्या व्हॉइस कॉइलला (कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला) स्वतःचे इंडक्टन्स, म्हणजे वारंवारतेबरोबर वाढत जाणारा विरोध, असते. ते ०.६ मिलिहेन्री धरले तर ३००० हर्ट्झला वूफरचा एकूण अवरोध (इम्पीडन्स) १३ ओहमच्या घरात जातो आणि फिल्टरचे गणित कोसळते. अशा वेळी वूफर जिथे थांबायला हवा तिथे थांबत नाही, ट्विटरशी त्याची सरमिसळ होते आणि 'स', 'श' टोचू लागतात. त्यातून ट्विटर मुळात वूफरपेक्षा जास्त संवेदनशील (तेवढ्याच शक्तीत मोठा वाजणारा) असेल तर टोचणी आणखी वाढते.

तरीही आज लगेच भाग विकत आणू नका. वूफरच्या माहितीपत्रकावर विसंबून केलेली पेटी ही अंदाजाची पेटी असते. १०० ओहमचा एक रेझिस्टर, संगणकाच्या साउंड कार्डाचा स्टिरिओ इनपुट आणि 'रूम ईक्यू विझार्ड' हा मोफत प्रोग्राम एवढ्या साहित्यावर वूफरचा अवरोध-आलेख घरी काढता येतो. वूफर पेटीतून काढून मोकळ्या हवेत मोजला की त्याची स्वतःची अनुनाद-वारंवारता एफएस आणि तो अनुनाद किती आवरलेला आहे हे सांगणारा आकडा क्यूटीएस मिळतात. नंतर कोनच्या मध्याभोवती मातीसारखा चिकट प्लॅस्टिसिन समान पसरवून तेच मोजमाप पुन्हा घ्या. अनुनाद किती खाली सरकला, यावरून व्हीएएस, म्हणजे कोनच्या निलंबनाइतकीच लवचिक असणाऱ्या हवेचे आकारमान, काढता येते. प्लॅस्टिसिनचे वजन मात्र अचूक हवे. आपल्याकडे सराफाच्या काट्याइतके खात्रीचे दुसरे साधन नाही, तिथे १० ग्रॅम मोजून आणा.

ही तिन्ही मापे ज्या पद्धतीत बसतात, ती ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात विस्तारली. त्यापूर्वी पेटीचा आकार बव्हंशी अनुभवाने आणि कानाने ठरत असे. घरी बांधणाऱ्याला ही एवढी मोठी देणगी मिळालेली असताना ती वापरली जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पाइपविषयी एक सूचना. शेतीच्या पाइपवर लिहिलेला व्यास बाहेरचा असतो. '५० मिलिमीटर' पाइपचा आतला व्यास साधारण ४६ मिलिमीटर भरतो. तसे असेल तर तुमचा पोर्ट ५० वर नव्हे, ४६-४७ हर्ट्झवर जुळलेला असेल. पेटीत बसवलेल्या वूफरचा अवरोध मोजलात तर दोन उंचवटे आणि त्यांच्या मधे एक खोलगा दिसेल. तो खोलगा म्हणजे पोर्टची खरी वारंवारता.

कान आणि भिंत (जळगाव) यांचे उत्तर

पांझराकाठच्या नानांनी स्पीकरची बाजू सांगितली आहे, मी खोलीची सांगतो. १६ आणि ८ ही मापे वाचताच मला घुमण्याचे मूळ दिसले. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनी उभा राहतो, त्याची पहिली वारंवारता म्हणजे १७२ भागिले मीटरमधले अंतर. तुमच्या १६ फुटांना (४.८८ मीटर) ती ३५ हर्ट्झ येते आणि तिची दुप्पट ७०. आठ फुटांना (२.४४ मीटर) पहिलीच वारंवारता ७० येते. लांबी रुंदीच्या नेमकी दुप्पट असल्यामुळे दोन अनुनाद एकाच जागी येऊन बसले आहेत आणि काळी एकचा खर्ज त्यांच्या शेजारी, ६९ वर आहे. पांढरी चारमधला तंबोरा लावून पाहा. त्याचा खर्ज ८७ हर्ट्झच्या आसपास असल्याने तो इतका लांबणार नाही, असा माझा अंदाज आहे. तो अंदाज खरा ठरला तर खोलीचा दोष सिद्ध झाला असे समजा.

तुम्ही भिंतीला टेकून बसता आणि भिंतीशी प्रत्येक उभ्या तरंगाचा दाब सर्वाधिक असतो. लांबीच्या दुसऱ्या अनुनादाचा दाब भिंतीपासून पाव लांबीवर, म्हणजे चार फुटांवर सर्वांत कमी असतो. तुमची गादी भिंतीपासून चार फूट पुढे घ्या, आणि रुंदीच्या बरोबर मध्यावर बसा, कारण रुंदीच्या पहिल्या अनुनादाचा शून्यबिंदू तिथेच आहे. त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

दुसरी गोष्ट स्पीकरच्या जागेची. दोन्ही स्पीकर मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर असतील, तर दोघांतून सारखाच येणारा खर्ज रुंदीच्या त्या अनुनादाला दोन विरुद्ध बाजूंनी ढकलतो आणि तो बराचसा विरतो. तुमचा एक स्पीकर कोपऱ्यात आणि दुसरा दोन फूट आत असल्याने हा लाभ तुम्ही गमावला आहे. शिवाय कोपरा हा खालच्या स्वरांना सर्वांत जास्त उचलणारा असतो. कपाट हलवावे लागले तरी हलवा.

घरातली जाजमे, पडदे किंवा भिंतीवरच्या गोधड्या ७० हर्ट्झला काही करू शकत नाहीत. त्या वरचे स्वर शोषतात. तुमच्या फरशी-स्लॅबच्या खोलीत त्यांचा उपयोग आहेच, पण खर्जासाठी त्यांच्यावर आशा ठेवू नका. जुन्या धाब्याच्या घरांत मातीच्या जाड भिंतींमध्ये आणि लाकडी छताखाली गाणे जसे लागायचे, तसे स्लॅबच्या खोलीत लागत नाही. ते पुन्हा आणायला बसण्याची जागा आणि स्पीकरची जागा हीच आपल्या हातातली मुख्य साधने आहेत.

सातपुडा सुतारकाम (चोपडा) यांचे उत्तर

सागाविषयी विचारले आहे म्हणून लिहितो. जुना, मुरलेला साग हे उत्तम लाकूड आहे, पण सलग फळ्यांची पेटी त्याची करू नये. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा अगदी कोरडी होते आणि जुलैत तीच ओलीगच्च असते. अशा फरकात चारही बाजूंनी डिंकाने जखडलेली फळी सांध्यात तरी उघडते किंवा मधोमध तरी चिरते. एवढीशी फट पडली तरी तिच्यातून हवा शिट्टीसारखी निघते. पेटी चांगल्या प्लायवूडची किंवा एमडीएफचीच ठेवा आणि सागाची दर्शनी चौकट व पाय करा. एमडीएफच्या कापलेल्या कडा पाणी पितात, म्हणून त्यांना आधी सीलरचे दोन हात द्या. वूफरच्या स्क्रूसाठी एमडीएफमध्ये नुसते भोक न पाडता मागून टी-नट (लाकडात रुतणारा धातूचा नट) बसवा. मोजण्यासाठी वूफर दहा वेळा काढाघालावा लागतो आणि तेवढ्यात एमडीएफची भोके सैल होतात.

कापसाविषयी. खान्देशात कापूस वापरायचा नाही तर कुठे वापरायचा, आणि ध्वनी शोषण्याचे काम तो चांगले करतोही. पण दाबून भरलेला कापूस पोर्टच्या पेटीत घातक आहे, कारण वूफरच्या मागून पोर्टकडे जाणारी हवेची वाट तो बुजवतो. पोर्टची पेटी असेल तर फक्त भिंतींना अस्तर द्यावे. बंद पेटी असेल तर सगळी पेटी हलक्या हाताने भरावी, लिटरमागे दहा ग्रॅमच्या आसपास सुरुवात करावी. कापूस कालांतराने खाली बसतो, ओल धरतो आणि त्यात कीड होते. म्हणून तो मलमलीच्या पातळ पिशव्यांत भरून, गोधडीला घालतो तसे लांब टाके घालून बसवावा. मी स्वतः तसाच करतो आणि दर उन्हाळ्यात पिशव्या बाहेर काढून उन्हात ठेवतो.

तापीकाठचा श्रोता (भुसावळ)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवडे लागले, पण सांगितल्याप्रमाणे एकेक गोष्ट करत गेलो.

गादी चार फूट पुढे घेतली, कपाट दुसऱ्या खोलीत नेले आणि दोन्ही स्पीकर बाजूच्या भिंतींपासून दोन-दोन फुटांवर ठेवले. त्याच संध्याकाळी खर्जाचे लांबणे निम्म्यावर आल्यासारखे वाटले. पांढरी चारचा तंबोराही लावून पाहिला. अंदाज खरा ठरला, त्याचा खर्ज लांबत नाही.

नंतर वूफर मोजला. माहितीपत्रकात एफएस ४२ हर्ट्झ, क्यूटीएस ०.३६ आणि व्हीएएस २६ लिटर लिहिले होते. माझ्या मोजणीत एफएस ४८, क्यूटीएस ०.४८ आणि व्हीएएस २० लिटर आले. दहा ग्रॅम प्लॅस्टिसिन लावल्यावर अनुनाद ४८ वरून ३६.५ वर उतरला. व्हॉइस कॉइलचा रोध ६.२ ओहम आहे. पेटीतल्या मोजणीत खोलगा ४६.५ हर्ट्झला मिळाला, म्हणजे पाइपचा तर्क अचूक होता. तयार क्रॉसओव्हरमधल्या कॉइलचा रोध ०.७ ओहम आणि स्पीकरच्या बारीक तारेचा ०.३ ओहम भरला. माझ्या मोजणीवर विश्वास ठेवावा की माहितीपत्रकावर?

पांझराकाठ (धुळे)

तुमच्या मोजणीवर विश्वास ठेवा. तुमचे आकडे परस्परांशी जुळतात, हीच त्यांची साक्ष आहे. निलंबन (कोनला धरून ठेवणारा लवचिक आधार) कडक असेल तर एफएस वाढतो आणि व्हीएएस त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २६ लिटरला ४२ आणि ४८ यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने गुणले की बरोबर २० लिटर येतात. क्यूटीएस मात्र नुसत्या कडकपणाने ०.४१ पर्यंतच गेला असता. तुम्हाला ०.४८ मिळाला, याचा अर्थ चुंबकही कागदावर आहे तितका जोरदार नसावा.

आता पेटीचे बघू. माहितीपत्रकाच्या आकड्यांना पोर्टची पेटी सुमारे २१ लिटरची लागली असती, त्यामुळे तुमची १८ लिटर फार चुकीची नव्हती. खऱ्या आकड्यांना ती ३५ लिटरच्या वर लागते. त्यात क्रॉसओव्हरच्या कॉइलचा आणि तारेचा मिळून एक ओहम वूफरच्या मालिकेत आहे. तो ॲम्प्लिफायरची वूफरवरची पकड सैल करतो आणि प्रत्यक्षातला क्यूटीएस ०.५५ पर्यंत नेतो. हे सगळे मांडले की १८ लिटरच्या पोर्टच्या पेटीत ७० ते ८० हर्ट्झच्या दरम्यान जवळपास ३ डेसिबलचा उंचवटा येतो. खोलीचा दोष जिथे होता, नेमका तिथेच पेटीचाही होता.

३५ लिटरची नवी पेटी करण्यापेक्षा मी पोर्ट बंद करण्याच्या बाजूचा आहे. जाड तारेची कॉइल आणि जाड स्पीकर वायर घेऊन मालिकेतला रोध ०.३ ओहमवर आणा, म्हणजे क्यूटीएस ०.५० राहील. कापसाने हलके भरल्याने पेटी हवेला सुमारे १५ टक्के मोठी भासेल. या हिशेबाने बंद पेटीचा क्यू (पेटीत बसवल्यावरचा क्यूटीएस) ०.७० आणि अनुनाद ६७ हर्ट्झ येतो. ०.७०७ हे सपाट प्रतिसादाचे माप मानले जाते, त्याच्या इतके जवळ तुम्ही नवी फळी न कापता पोहोचता. ७० हर्ट्झला आजच्यापेक्षा पाच डेसिबलहून थोडी जास्त घट होईल. सर्वांत खालचा गडगडाट जाईल हे खरे, पण तंबोरा, पखवाज आणि गळा यांना लागणारे सगळे या पेटीत मिळेल आणि बंद पेटीतला बायाचा ठोका ज्या नेटकेपणाने थांबतो, तो मला पोर्टच्या पेटीत क्वचितच ऐकायला मिळाला आहे.

क्रॉसओव्हरसाठी सुरुवातीची मापे देतो. वूफरला समांतर ८.२ ओहम आणि १० मायक्रोफॅरड यांची मालिका लावा, म्हणजे त्याचा वाढता अवरोध आवरला जाईल. फळीच्या भरपाईसाठी १ मिलिहेन्रीची कॉइल आणि तिला समांतर ४.७ ओहमचा रेझिस्टर अशी जोडी वूफरच्या मालिकेत घाला, ती सुमारे ४ डेसिबल भरपाई देते. रोधाच्या वर सांगितलेल्या ०.३ ओहममध्ये हिचाही हिशेब धरायचा आहे, म्हणून ही कॉइलही जाड तारेचीच हवी. ट्विटर वूफरपेक्षा ४ डेसिबल मोठा असेल तर त्याला एकूण ८ डेसिबल उतरवावे लागेल, त्यासाठी मालिकेत ४.७ आणि समांतर ५.६ ओहम चालतील. रेझिस्टर दहा वॅटचे घ्या. ट्विटरच्या वाटेतला कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचा घ्या, कारण इलेक्ट्रोलिटिक आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतो. कॉइली एकमेकींपासून दूर आणि काटकोनात बसवा.

मग स्पीकर गच्चीवर न्या. वारा पडल्यावर, दीड मीटर उंच स्टुलावर स्पीकर आणि त्याच उंचीवर एक मीटर पुढे मापनाचा माइक ठेवा. जमिनीवरून परतणारा ध्वनी ६ मिलिसेकंदांनी उशिरा येतो, तेवढ्या काळाची खिडकी धरली, म्हणजे त्यानंतरचा ध्वनी मापातून वगळला, की १६० हर्ट्झच्या वरचे माप खोलीविना मिळते. त्याखालचे माप वूफरच्या कोनपासून दोन-तीन मिलिमीटरवर माइक धरून घ्यावे. शेवटी ट्विटरच्या तारा उलट करून मोजा. क्रॉसओव्हरच्या जागी खोल खळगा पडला तर सरळ जोडणीत दोघे एका लयीत चालतात असे समजावे. न पडला तर उलट जोडणीच योग्य असू शकते.

एक खबरदारी घ्या. सगळी मापे एकाच तापमानाला घ्या. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. जानेवारीच्या रात्री १० अंशांवर आणि मेमध्ये ४५ अंशांवर घेतलेल्या मापांत त्यामुळे तेरा-चौदा टक्क्यांचा फरक पडतो, आणि तेवढ्यात ध्वनीचा वेगही सहा टक्क्यांनी बदललेला असतो.

तापीकाठचा श्रोता (भुसावळ)

पोर्टला आतून प्लायची गोल चकती डिंकाने बसवली, कापूस मलमलीच्या पिशव्यांत १८० ग्रॅम भरला आणि नवा क्रॉसओव्हर एका फळीवर उघडाच मांडून जोडला आहे. पेटीचा अनुनाद ६८ हर्ट्झ मिळाला. काल रात्री तंबोरा लावला तेव्हा पंचम, जोडी आणि खर्ज या चारही तारा प्रथमच एका वजनाच्या ऐकू आल्या. गळाही भिंतीवरून सुटून समोर येऊन बसल्यासारखा वाटतो. 'स' अजून किंचित टोचतो. गच्चीवरच्या आलेखात २५०० ते ४००० हर्ट्झमध्ये दोन डेसिबलचा फुगवटा आहे आणि ट्विटरच्या तारा उलट केल्यावर खळगा फक्त सहा डेसिबल खोल पडतो.

पांझराकाठ (धुळे)

सहा डेसिबलचा खळगा म्हणजे दोघांची लय अजून जुळलेली नाही. साडेसहा इंची वूफरच्या कोनचा कामाचा व्यास १३ सेंटिमीटर धरला तर २६०० हर्ट्झच्या वर त्याचा आवाज झोतासारखा निमुळता होतो, म्हणून त्याला ३००० पर्यंत नेऊ नका. वूफरच्या फिल्टरमधली कॉइल थोडी वाढवून जोड २५०० हर्ट्झच्या आसपास आणा, पण त्याआधी ट्विटरचा स्वतःचा अनुनाद मोजा. तो १२०० हर्ट्झच्या वर असेल तर एवढे खाली जाऊ नये. एका वेळी एकच भाग बदला आणि प्रत्येक आलेखाला तारीख व तापमान लिहून ठेवा. ट्विटरच्या अनुनादाचा आकडा आला की इथे कळवा, पुढची कॉइल किती ठेवायची ते आपण मिळून काढू.